कळलं नाही, हे कळणं

पुढचा उतारा एकदा सावकाश वाचा.

'याला हंगाम चुकवून चालत नाही. आठ दिवस लवकर गेलात तर नुसतं दूध हाती येतं, आठ दिवस उशीर केलात तर दात दुखतात. आधी जमिनीत खड्डा करावा. जळण बरंच आधी पेटवलेलं असावं. ज्वाळ दिसत असेल तोवर थांबावं. मग एकेक आत खुपसावं, फिरवत राहावं, काढावं आणि गरम असतानाच चोळावं. चोळणाऱ्यानं फुंकर घालायला विसरू नये. मंडळी जास्त असली तर चोळणारा शेवटपर्यंत उपाशी राहतो. सोबत काही तिखट, काही गोड असावं. पाणी मात्र बेतानं.'

यातला एकही शब्द अवघड नाही. वाक्यंही छोटी आहेत. तरी पहिल्या वाचनात दूध कुठून आलं, काय खुपसायचं आणि काय चोळायचं, याचा पत्ता बहुतेकांना लागत नाही. आता एवढंच सांगतो, की हा उतारा हुरड्याचा आहे. परत वाचा. दूध म्हणजे कोवळ्या दाण्यातला चीक. खड्डा म्हणजे आगटी, जळण म्हणजे गोवऱ्या. खुपसायची ती ज्वारीची कणसं, तिखट म्हणजे शेंगाचटणी आणि गोड म्हणजे गूळ. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतावर थंडीत एकदा जाऊन आलेल्या माणसाला आता हा उतारा आरपार दिसेल. शब्द तेच राहिले. बदललं ते वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून जागं असलेलं काही.

जॉन ब्रान्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचा उतारा कपडे धुण्याबद्दल होता, पण त्यात कपड्यांचं नावही नव्हतं. काहींना विषय आधी सांगितला, काहींना नंतर, काहींना सांगितलाच नाही. आधी कळलेल्यांना उतारा समजला आणि इतरांच्या सुमारे दुप्पट आठवला. मला यातला खरा धडा तिसऱ्या गटापेक्षा दुसऱ्या गटात दिसतो. ज्यांना विषय नंतर सांगितला, त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. ते अजिबात न सांगितलेल्यांइतकेच मागे राहिले. आपल्या वर्गांत मात्र रीत उलटी आहे: पाठ आधी पूर्ण वाचायचा, मग गुरुजींनी स्पष्टीकरण करायचं. पाठ कशाबद्दल आहे, आपल्याला त्याबद्दल आधीच काय माहीत आहे, ही पाच मिनिटांची चर्चा वाचनाच्या आधी व्हायला हवी. नंतर केलेली तासभराची फोड तिची जागा घेऊ शकत नाही.

हे प्रकरण अक्कलकोट तालुका डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, त्याला कारण आहे. बाहेरगावच्या माणसाला अक्कलकोट स्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिरामुळे माहीत असतं. शिक्षकाला ते दुसऱ्या गोष्टीमुळे माहीत असायला हवं. सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाच्या या तालुक्यापलीकडे कर्नाटकातला कलबुर्गी जिल्हा लागतो आणि इथल्या असंख्य घरांत कानडी बोललं जातं. इथं मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, तशा कानडी आणि उर्दू माध्यमाच्याही आहेत. कानडी माध्यमाची पाठ्यपुस्तकंही पुण्याची 'बालभारती'च छापते. घरी आईशी कानडी, अंगणात मिश्र, वर्गात पुस्तकी मराठी, असा दिवस घालवणारी मुलं इथं नवलाची नाहीत. वाचून अर्थ लावणं म्हणजे नेमकं काय करणं, हा प्रश्न इथं जितका स्वच्छ दिसतो तितका पुण्याच्या पेठेत दिसत नाही.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं: वाचन म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. देवनागरीच्या बाबतीत या सूत्रात एक फसवा सापळा आहे. इंग्रजी वाचताना मूल अडखळतं, चुकीचा उच्चार करतं, आणि त्याला शब्द माहीत नसल्याचं शिक्षकाच्या लगेच ध्यानात येतं. देवनागरी आणि कानडी या दोन्ही लिप्या उच्चाराच्या बाबतीत बहुतांशी प्रामाणिक आहेत. बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झालेलं मूल कधीही न ऐकलेला शब्दही बहुधा बिनचूक वाचून दाखवतं. खडाखडा वाचणाऱ्या मुलीला वर्गात शाबासकी मिळते. तिला वाचलेल्यातलं काय कळलं, हे विचारायचं कुणाला सुचतही नाही.

उलगडण्याचाच प्रश्न सुटलेला नाही, हे खरं आहे. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं निम्म्याच्या आसपास आहेत. 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचता यावेत, असं उद्दिष्ट आहे. शाळांच्या बैठकांत यातल्या 60 शब्दांची चर्चा फार होते, कारण ते घड्याळ लावून मोजता येतात. 'अर्थासह' कसं शिकवायचं, हे मात्र प्रत्येक शिक्षकावर सोडलेलं असतं.

शिकवायचं हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. उतारा देऊन खाली पाच प्रश्न विचारणं म्हणजे आकलन शिकवणं, असा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. हा उतारा पाहा:

'पिंगट झुंबळाने तीन टुंबऱ्या खरमटात टाकल्या. मग तो घिरमटून डुंबळला.'

प्रश्न: झुंबळाने किती टुंबऱ्या टाकल्या? त्या कोठे टाकल्या? झुंबळ कसा डुंबळला?

तिन्ही उत्तरं तुम्हाला आली. तीन, खरमटात, घिरमटून. पैकीच्या पैकी गुण, आणि कळलेलं शून्य. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि शेजारचा शब्द उचलायचा, ही युक्ती मुलं तिसरीतच शिकतात. घरात वेगळी भाषा असलेली मुलं ती सगळ्यांत आधी शिकतात, कारण त्यांना तिची गरज जास्त असते. अशी मुलं वर्षानुवर्षं उत्तीर्ण होत जातात. सातवी-आठवीत विज्ञान आणि इतिहासाची पुस्तकं समोर आली की ती अचानक मागे पडल्यासारखी दिसतात. खरं तर ती आधीपासूनच मागे होती.

हा दोष केवळ आपला नाही. डोलोरेस डर्किन या अमेरिकन संशोधिकेनं शाळांत बसून वाचनाचे तास पाहिले आणि 1979 मध्ये निष्कर्ष छापले. जवळजवळ साडेचार हजार मिनिटांच्या निरीक्षणात अर्थ कसा लावायचा हे शिकवण्यात गेलेली मिनिटं होती अवघी 20. बाकीचा बराच वेळ प्रश्न विचारण्यात, उत्तरं तपासण्यात आणि कामं नेमून देण्यात गेला होता.

मग शिकवायचं काय? सगळ्यांत दुर्लक्षित जागेपासून सुरुवात करू. ती जागा म्हणजे सर्वनामं. आपण वर्गात 'कठीण शब्दांचे अर्थ' फळ्यावर लिहितो. 'ती' आणि 'ते' यांना कुणी कठीण म्हणत नाही. पण हे वाक्य पाहा: 'सावित्रीने घागर विहिरीत सोडली. ती जड झाली, तसा तिने दोर ओढला.' मराठी घरातलं मूल पहिली 'ती' घागरीला आणि दुसरी सावित्रीला जोडतं, तेही विचार न करता. कानडीत निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं. घागर असो, दोर असो, नदी असो, सगळं 'अदु'. 'अवळु' फक्त बाईमाणसासाठी. त्या सवयीनं वाचणाऱ्या मुलाला 'ती' दिसली की उताऱ्यातली एकमेव बाई आठवते, आणि सावित्रीच जड होते. मुलानं वाक्य स्पष्ट वाचलेलं असतं, प्रत्येक शब्द त्याला येतो, आणि चित्र मात्र भलतंच उभं राहतं. पुढच्या सगळ्या ओळी त्या भलत्या चित्रावर रचल्या जातात.

'ते'ची अडचण तर मराठी मुलांनाही आहे. 'आजोबांनी वासरू सोडले. ते अंगणात आले.' कोण आलं? बोलताना आपण वासरासाठी 'आलं' म्हणतो आणि आजोबांसाठी 'आले', त्यामुळे घोटाळा होत नाही. पुस्तकी लेखनात दोन्हींसाठी 'आले' येतं आणि फरक पुसला जातो. तो भरून काढायला मागचं-पुढचं पाहावं लागतं. यावरचा उपाय पेन्सिलीचा आहे. उताऱ्यातल्या प्रत्येक 'तो, ती, ते, त्याला, तिने, हे' भोवती गोल काढायचा आणि तिथून ज्याच्याबद्दल बोलणं चाललं आहे त्या शब्दाकडे बाण न्यायचा. दोन मुलांचे बाण वेगळ्या दिशांना गेले की वाद होतो, आणि तो वाद म्हणजेच आकलनाचा तास. हाच उद्योग 'तरीही', 'म्हणून', 'अन्यथा', 'शिवाय' या जोडणाऱ्या शब्दांवर करावा. आठवड्यातून एक परिच्छेद असा वाचला तरी खूप आहे.

दुसरी गोष्ट दिसायला सोपी आणि करायला अवघड आहे. शिक्षकानं वाचताना आपल्या डोक्यात काय चाललं आहे ते मोठ्यानं बोलून दाखवायचं. समजा, उताऱ्यात आहे: 'कुरनूर धरणातून बोरी नदीत पाणी सोडणार म्हणून काठच्या गावांना सावध करण्यात आले. तरीही शिवप्पांनी मोटर काढली नाही.' बाई वाचतात आणि थांबतात. 'मोटर? म्हणजे गाडी का? गाडी काढली नाही म्हणजे फिरायला गेले नाहीत? हे काही जुळत नाही. आधी नदीचं बोलणं चाललंय. नदीकाठी मोटर कसली असते? हां, पाणी उपसायची. म्हणजे धरणाचं पाणी आलं तर ती वाहून जाणार. मग काढली का नाही? इथं "तरीही" आहे, म्हणजे सावध केल्याचं त्यांना ठाऊक होतं. कारण अजून सांगितलेलं नाही. पुढं येतंय का बघू या.'

मुलांना वाटतं, की हुशार माणसाला वाचताना सगळं आपोआप कळतं आणि आपल्याला कळत नाही म्हणजे आपण मठ्ठ. बाईही अडतात, मागं जातात, चुकीचा अर्थ टाकून देतात, हे समोर घडताना पाहिलं की मुलाला वाचनाची खरी रीत कळते. अडणं हा वाचनाचाच भाग आहे.

लहान मुलांना आपण अडलो आहोत हेच बहुधा समजत नाही. एलन मार्कमन यांनी 1979 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना परस्परविरोधी माहिती असलेले छोटे मजकूर ऐकवले. एकात समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो असं सांगितलं होतं, आणि पुढंच तिथले मासे आपलं खाणं रंगावरून ओळखतात असंही म्हटलं होतं. बऱ्याच मुलांना त्यात काही खटकलं नाही. प्रत्येक वाक्य त्यांनी सुटं स्वीकारलं. ही सवय मोडायला शिक्षकानं स्वतः मजकूर बिघडवून द्यावा. 'गावाबाहेरच्या जुन्या विहिरीला बारा महिने थेंबभर पाणी नसे. उन्हाळ्याच्या सुटीत गावातली मुलं तिथंच पोहायला शिकत.' आधी सांगून टाकावं, की आज उताऱ्यात एक खोट लपवली आहे, ती पकडा. पुढं असा उतारा न सांगता द्यावा. खोट पकडणाऱ्या मुलाचं डोकं वाचताना जागं राहू लागलं, हे नक्की समजा.

एवढी तयारी झाली की मुलांच्या हाती कारभार देता येतो. ॲनमरी पॅलिन्क्सार आणि ॲन ब्राउन यांनी 1984 मध्ये सातवीच्या मुलांसोबतची एक पद्धत मांडली. ही मुलं अक्षरं नीट वाचत, पण त्यांना अर्थ लागत नसे. चार-पाच जणांच्या गटात एक परिच्छेद वाचायचा आणि एकानं गुरुजी व्हायचं. त्यानं चार कामं करायची: वाचलेलं थोडक्यात सांगायचं, त्यावर इतरांना प्रश्न विचारायचा, कुठं अडलं ते सोडवायचं, आणि पुढं काय येईल याचा अंदाज बांधायचा. पुढच्या परिच्छेदाला गुरुजी बदलायचा. सुमारे वीस तासिकांत या मुलांची कामगिरी विलक्षण सुधारली. खरा शिक्षक सुरुवातीला पुष्कळ बोलतो आणि हळूहळू मागं सरतो.

अक्कलकोटच्या वर्गात यात एक भर घालायलाच हवी: उतारा मराठी असला तरी गटातली चर्चा मुलांना हव्या त्या भाषेत होऊ द्यावी. 'वर्गात मराठीच बोला' हा दंडक प्रेमापोटी लावला जातो, पण इथं तो मुलांचं नुकसान करतो. शिवप्पांनी मोटर का काढली नसेल, याचा विचार मूल ज्या भाषेत सर्वांत खोल करू शकतं, त्या भाषेत त्यानं 'याके' (का) असं विचारावं. अडलं तर 'गोत्तागलिल्ल' (कळलं नाही) असं बिनधास्त म्हणावं. मग निघालेलं उत्तर मराठीत मांडायला त्याला मदत करावी. कॅनडातले जिम कमिन्स 1979 पासून सांगत आले आहेत, की एका भाषेत कमावलेली वाचनाची शहाणीव दुसऱ्या भाषेत उतरते. सारांश कसा करायचा, अंदाज कसा बांधायचा, हे कानडीत जमलेल्या मुलाला मराठीत पुन्हा मुळापासून शिकावं लागत नाही. म्हणून कानडी माध्यमाच्या शाळेत कानडी उताऱ्यावर केलेलं हेच काम मराठीच्या तासालाही फळ देतं. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळे इथली, नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' ही संस्था घरची बोली आणि शाळेची भाषा वेगळी असलेल्या आदिवासी मुलांमध्ये 2007 पासून काम करते. तिच्या 'गोष्टरंग' उपक्रमात पुस्तकातल्या गोष्टी मुलांसमोर नाट्यरूपात सादर होतात. गोष्ट आधी डोळ्यांनी पाहिलेलं मूल पुस्तक हातात घेतं, तेव्हा हुरड्याच्या उताऱ्याचा विषय आधी सांगितलेल्या वाचकासारखं ते वाचतं.

या सगळ्या युक्त्यांना एक मर्यादा आहे आणि ती शिक्षकानं मान्य करावी. 1988 मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी 64 विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात पक्क्या, पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी सरस ठरली. अक्कलकोटच्या शेतकऱ्याच्या मुलीला मोटर लगेच कळते, दुधनीच्या बाजारातल्या तुरीच्या दराचं वर्णन कळतं. तिला कोकणातली भरती-ओहोटी, मुंबईची लोकल किंवा हिमालयातली हिमनदी पुस्तकातून येते तेव्हा तिथं युक्ती पुरत नाही, माहिती लागते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांचं म्हणणं मला पटतं, की वाचनाच्या युक्त्या थोड्या सरावात शिकून होतात आणि महिनोन्महिने त्याच घोटून फारसं काही वाढत नाही. उरलेला वेळ भूगोल, इतिहास, विज्ञान, गोष्टी यांना द्यायला हवा. वाचनाचा तास वाढवायला इतिहासाचा तास कापणारी शाळा वाचनाचंच नुकसान करते.

आता सातवी-आठवीसाठी एक उतारा सुचवतो, जो याच परिसरानं दिला आहे. शेजारच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीना संगमावर, हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. लेख वाचणारा विजयी होईल, अशा आशयाची त्यातली ओळ आहे. या ओळीची अक्षरं आजच्या देवनागरीत लिहून वर्गाला द्यावीत. ती सगळ्यांना वाचता येतील आणि सुरुवातीला कुणालाच कळणार नाहीत. मग विचारावं: कुठं अडलं? कुठला शब्द ओळखीचा वाटतो? कुणी, कुठं, कशासाठी कोरलं असेल, हे कळलं तर अर्थ लावायला मदत होईल का? या तासाला मराठी घरातल्या मुलाला पहिल्यांदा तो अनुभव येतो, जो शेजारी बसलेल्या कानडी घरातल्या मित्राला रोज येत असतो: ओठांवर अक्षरं आहेत आणि हाती अर्थ नाही. कानडी घरातलं मूल मात्र इथं सरावलेलं असतं. अपुऱ्या खुणांवरून अर्थ ताडण्याचं काम त्यानं वर्षानुवर्षं केलेलं असतं आणि गटात पुष्कळदा तेच पुढं सरसावेल.

राहिला प्रश्न वेळेचा, कारण अभ्यासक्रम पूर्ण करण्याचं ओझं खरं आहे. सगळे पाठ असे शिकवायची गरज नाही. आठवड्यातला एक तास पुरे. आधी पाच मिनिटं विषयावर बोलणं, मग शिक्षकानं एक परिच्छेद विचार उघड करत वाचणं, मग गटांनी पुढचे दोन. शेवटची दहा मिनिटं प्रश्नांची, पण प्रश्न मुलांनी तयार करायचे, आणि अट एकच: उत्तर उताऱ्यातल्या एका ओळीत सापडता कामा नये. 'शिवप्पांनी काय काढलं नाही?' हा प्रश्न बाद. 'शिवप्पांच्या जागी तुझे वडील असते तर त्यांनी काय केलं असतं, आणि का?' हा चालेल. फळ्याचा एक कोपरा 'अजून कळलं नाही' यासाठी राखून ठेवावा. तिथं कुणीही, नाव न घालता, देवनागरीत किंवा कानडी लिपीत, आपली अडचण लिहावी, आणि पुढचा तास त्या कोपऱ्यापासून सुरू करावा.